आइस्क्रीमची बॅच परत मागवली, तर ठाण्यात आपल्याला कळणार कसं?

चैत्रपालवी (धागाकर्ती), शनिवार, रात्री ९.४०

माझी बहीण टेक्ससमध्ये असते. परवा तिला तिच्या नेहमीच्या दुकानातून मेल आली, की तुमच्या कार्डावर अमुक तारखेला घेतलेल्या आइस्क्रीम सँडविचच्या खोक्यात लिस्टेरिया नावाचे जंतू असण्याची शक्यता आहे. खाऊ नका, उरलेलं टाकून द्या, पैसे खात्यात जमा होतील. खाली बॅच नंबर, आणि तो खोक्यावर नेमका कुठे छापलाय त्याचा फोटो. कोणी आजारी पडलेलं नव्हतं. कंपनीच्या तपासणीत यंत्राजवळ जंतू सापडले, तेवढ्यावरून माल परत मागवला.

मी मानपाड्याला राहते. घरात धाकट्या जावेला सहावा महिना चालू आहे, सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना मधुमेह आहे, शिवाय दोन लहान मुलं. मे महिन्यात आमचा फ्रीजर आइस्क्रीमवाचून रिकामा राहत नाही. ते आमच्याकडे येतं कुठून, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, मोबाईलवरच्या ॲपवरून, घोडबंदर रोडच्या पार्लरमधून आणि लग्नकार्यात केटररकडून. यातल्या कुठल्याही ठिकाणी आमचं नाव आणि बॅच नंबर एका कागदावर येत नाहीत. उद्या एखाद्या कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर दुकानातले खोके गाडीत भरून जातील. पण आमच्या फ्रीजरमधला फॅमिली पॅक? आणि काल रात्री खाऊन झालेला?

कायदा काय म्हणतो, कारखान्यात काय होतं, दुकानदाराला किती कळवलं जातं, हे जाणणारे इथे बरेच आहेत. कोणाला घाबरवायचं नाहीये. मला हे नीट समजून घ्यायचं आहे.


जुना नौपाडकर, शनिवार, रात्री १०.१५

ताई, तुमची काळजी समजते, पण एक विचारतो. गोठलेल्या पदार्थात जंतू जगतात कसे? आमच्या लहानपणी वाड्यात बर्फ आणि जाडं मीठ घालून हाताने पॉट फिरवायचो. दूध तापवलेलं असे, कधी कच्चंही असे. तलावपाळीला कुल्फी खायचो, शाळेच्या दारात गोळा खायचो. त्यातून कोणी दगावल्याचं आठवत नाही. तिकडच्या बातम्यांमुळे इकडच्या गर्भार मुलीच्या तोंडचा घास काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.


सूक्ष्मदर्शी, शनिवार, रात्री ११.०५

डेअरीत क्वालिटी कंट्रोलला बरीच वर्षं काढली आहेत, आता नेरुळला असते. काकांचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. उणे १८ अंशांना लिस्टेरिया वाढत नाही, पण महिनोन् महिने जिवंत राहतो. इतर बहुतेक जंतू फ्रिजच्या ४ अंशांना मंदावतात किंवा थांबतात. हा तिथेही सावकाश वाढतो. त्यामुळे ‘फ्रिजमध्ये होतं, म्हणजे सुरक्षित’ हा आपला हिशेब याच्याबाबतीत चालत नाही.

उष्णतेला मात्र तो टिकत नाही. आइस्क्रीमचं मिक्स ८० अंशांवर २५ सेकंद धरलं की लिस्टेरिया संपतो. मग तो येतो कुठून? पाश्चरायझेशन झाल्यावर. कारखान्यात जमीन कायम ओली, हवा गार, छताच्या थंड पाइपांवर दव धरतं आणि थेंब खाली पडतात. जमिनीवरच्या गटाराच्या जाळीत, कन्व्हेयरच्या रबराच्या फटीत, कपात मिक्स सोडणाऱ्या नोझलच्या वायसरमागे हा जंतू चिकट थर करून बसतो. वरवरच्या धुण्याने तो थर निघत नाही. यंत्र पूर्ण उघडून, घासून, गरम पाण्याने आणि निर्जंतुकाने धुवावं लागतं. शिवाय मिक्स गार झाल्यावर त्यात काजू, बिस्किटाचा चुरा, फळांचे तुकडे पडतात. ते तर पुन्हा तापवलेच जात नाहीत.

काका, तुमच्या पॉटमधलं आइस्क्रीम अर्ध्या तासात सगळे मिळून फस्त करत असणार. एका घरचं दूध, एका घरची माणसं. आता एका यंत्रावर एका पाळीत हजारो कप भरले जातात, तीन-चार राज्यांत जातात आणि वर्षभर फ्रीजरमध्ये पडून असतात. काही बिनसलंच तर ते एका वाड्यापुरतं राहत नाही. कच्च्या दुधाचं आइस्क्रीम मात्र मी आज कोणालाच खा म्हणणार नाही, गरोदर बाईला तर नाहीच.

धडधाकट माणसाने थोडेसे लिस्टेरिया गिळले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. गरोदर स्त्री, नवजात बाळ, ६५ च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, यांच्यासाठी गोष्ट वेगळी आहे.


चैत्रपालवी, शनिवार, रात्री ११.२०

यंत्राजवळ सापडलेल्या जंतूंवरून माल का परत मागवतात ते आता कळलं. पण तिकडे तरी हे सगळं आपोआप होतं का? बहिणीला आली तशी मेल आधीपासून येते, की काही घडल्यावर सुरू झाली?


सूक्ष्मदर्शी, रविवार, सकाळी ८.३०

आपोआप काहीच होत नाही. २०१५ चं ब्लू बेलचं प्रकरण सांगते. आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा त्यातच आहे.

ब्लू बेल ही टेक्ससमधली जुनी, लोकांच्या फार प्रेमातली कंपनी. फेब्रुवारी २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या आरोग्य खात्याने एका वितरण केंद्रातून नेहमीचे नमुने उचलले. कोणाची तक्रार नव्हती, दरवर्षीची तपासणी. त्यात लिस्टेरिया निघाला. टेक्ससच्या अधिकाऱ्यांनी कंपनीला कळवलं, की तुमच्या दोन उत्पादनांत जंतू आहेत.

कंपनीने मग काय केलं, तर आपल्या गाड्यांवरच्या माणसांना सांगून दुकानांतून ती दोन उत्पादनं उचलायला लावली. जाहीर काहीच केलं नाही. ग्राहकाला सांगितलं नाही, आधीच माल विकत घेऊन फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्या संस्थांनाही नाही. दोन आठवड्यांनी तिसऱ्या उत्पादनात जंतू सापडल्याचं कळलं, तरी तेच. मार्चमध्ये जंतूंचे जनुकीय ठसे जुळवल्यावर कॅन्ससमधल्या एका रुग्णालयातले पाच रुग्ण या आइस्क्रीमशी जोडले गेले. ते आधीच दुसऱ्या आजारांसाठी दाखल होते. त्यांच्यापैकी चौघांनी रुग्णालयात मिल्कशेक प्यायल्याची नोंद सापडली, आणि ते शेक याच कंपनीच्या आइस्क्रीमचे. पाचातले तिघे गेले. १३ मार्चला पहिली जाहीर सूचना निघाली. पुढे ती वाढत वाढत २० एप्रिलला कंपनीने बाजारातला आपला सगळाच्या सगळा माल परत मागवला. एकूण दहा रुग्ण, चार राज्यांत, त्यातले काही तर २०१० पासूनचे. इतकी वर्षं ते एकमेकांशी जोडले गेले नव्हते.

२०२० मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि १ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा फौजदारी दंड भरला.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागतं ते फेब्रुवारीतलं गप्प बसणं. माल उचलणं ही अर्धीच गोष्ट झाली. ज्यांच्या घरात तो पोचला आहे त्यांना सांगणं, तेही कारणासकट, ही उरलेली अर्धी. मिल्कशेक करणाऱ्या स्वयंपाकघरात एक फोन गेला असता तर तो टब तरी बाजूला ठेवला गेला असता.


उणे अठरा, रविवार, सकाळी १०.१०

तुर्भ्याला कोल्ड स्टोअर आणि आइस्क्रीमच्या गाड्यांचं काम पाहतो. वरचं वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे रोजच्या व्यवहारात काय होतं ते सांगतो. कंपनीला एखाद्या बॅचबद्दल शंका आली की डिस्ट्रिब्युटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश येतो, ‘अमुक बॅच होल्ड करा’. कारण लिहिलेलं नसतं. कधी फक्त वजन कमी भरलेलं असतं, कधी रॅपरवर छपाई चुकलेली, कधी चवीची तक्रार. आम्ही स्टोअरमधले खोके बाजूला काढतो, गाडीवरचा सेल्समन दुकानांत जाऊन उरलेले उचलतो आणि बदल्यात दुसरा माल देतो. दुकानदार खूश, कारण त्याचं नुकसान नाही. गिऱ्हाइकाला पत्ता नाही. आमच्यापर्यंत कारणच पोचत नाही, तर आम्ही पुढे सांगणार काय? यात कोणाच्या मनात वाईट असतं असं मी म्हणत नाही. पद्धतच अशी पडून गेली आहे.

नोंदींचं म्हणाल तर कारखाना ते स्टोअर सगळी चोख असते, स्कॅनरवर बॅच येते. स्टोअर ते दुकान, बऱ्यापैकी. दुकानापुढे शून्य.

गाडीचाही एक मुद्दा. १९९४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका मोठ्या कंपनीच्या आइस्क्रीममधून साल्मोनेला नावाचा दुसरा जंतू पसरला, बाधितांचा अंदाज २ लाख २४ हजार. मिक्स पाश्चराइज केलेलं होतं. पण ते ज्या टँकरांतून कारखान्यात आलं, त्यांतून आधी कच्च्या अंड्यांचा द्रव नेला होता, आणि कारखान्यात मिक्स पुन्हा तापवलं गेलं नाही. आम्ही नव्या ड्रायव्हरला हेच सांगतो, की आधी त्या गाडीत काय होतं ते विचारल्याशिवाय माल भरू नकोस.


खारघर टेकडी, रविवार, दुपारी १२.४५

पाचवा महिना. सकाळपासून धागा वाचतेय आणि आता पोटात गोळा आलाय. परवा रात्रीच सॉफ्टी खाल्ली, सीवूड्सला. मला काही होत नाहीये. पण आता काय करू? रक्त तपासून घेऊ का? आईला सांगितलं तर ती नऊ महिने गार पाणीसुद्धा देणार नाही.


उपवन, रविवार, दुपारी १.३०

मी फिजिशियन आहे, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला माझ्या वर मानावा.

तुम्हाला त्रास नाही, आणि तुम्ही खाल्लेला माल दूषित होता असं कोणी म्हटलेलं नाही. अशा वेळी रक्ततपासणीची गरज नसते, नुसत्या शंकेवरून औषधही देत नाहीत. आज शांत झोपा.

लक्षात ठेवायचं ते ताप. गरोदरपणात लिस्टेरिया बहुधा साध्या फ्लूसारखा येतो: ताप, अंगदुखी, थकवा, कधी जुलाब. आईला तो सौम्य वाटतो, पण बाळापर्यंत पोचला तर गर्भपात, वेळेआधी प्रसूती किंवा नवजात बाळाला मेंदूज्वर होऊ शकतो. खाल्ल्यानंतर लक्षणं यायला काही दिवसांपासून ते काही वेळा ७० दिवसांपर्यंतही लागतात. त्यामुळे ‘काल काय खाल्लं’ या प्रश्नातून तो सापडत नाही. ताप आला तर घरी पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गेल्या दोन महिन्यांत काय खाल्लं तेही सांगा. शंका घेऊन ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) केलं तर निदान होतं, आणि वेळेत दिलं तर अँपिसिलिनसारखं जुनं औषधही काम करतं. आपल्या भागात पावसाळ्यात ताप म्हटलं की डेंगी, मलेरिया, लेप्टो एवढ्याच दिशेने विचार जातो, म्हणून गरोदर पेशंटने स्वतःहून हे सांगितलेलं बरं.

२०२२ मध्ये फ्लोरिडातल्या एका स्थानिक आइस्क्रीम कंपनीच्या मालातून ११ राज्यांतले २८ जण आजारी पडले. त्यातल्या २७ जणांना दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला आणि एका गर्भवतीचं बाळ गेलं. बरेचसे रुग्ण तिथे फिरायला गेलेले होते. घरी परतल्यावर आजारी पडले, म्हणून धागा जुळायला वेळ लागला.

सॉफ्टीबद्दल मात्र माझा सल्ला स्पष्ट आहे. गरोदरपणात यंत्रातली सॉफ्टी टाळा, बंद पॅकमधलं घ्या.


सूक्ष्मदर्शी, रविवार, दुपारी २.००

डॉक्टरांना दुजोरा. सॉफ्टीच्या यंत्रात वरच्या टाकीत मिक्स द्रवरूपात, फ्रिजच्या तापमानाला असतं, म्हणजे या जंतूच्या सोयीच्या तापमानाला. खालच्या नळीला रबराच्या रिंगा असतात. रोज रात्री यंत्र रिकामं करून, रिंगा काढून धुतल्या तर ठीक. नाही धुतल्या तर काय होतं हे मी नमुन्यांत पाहिलेलं आहे.


पार्लर राम मारुती रोड, रविवार, संध्याकाळी ५.२०

माझं छोटं पार्लर आहे. ब्रँड सांगत नाही. धाग्यात माझ्यासारख्यांची बाजूही यावी म्हणून लिहितो.

आमच्याकडे माल चार लिटरच्या टबात येतो. बॅच आणि तारीख झाकणावरच्या स्टिकरवर. गर्दीच्या वेळी पोरं तीन टब एकदम उघडतात, झाकणं फ्रीजरवर उलटी ठेवतात आणि रात्री कुठलं झाकण कुठल्या टबावर बसेल सांगता येत नाही. एका तासात बॅच हरवते. मी म्हणूनच एक सवय लावली आहे. टब उघडला की मार्करने टबाच्या अंगावर बॅच आणि उघडल्याची तारीख लिहायची, आणि तीच दारामागच्या वहीत. टब संपला की वहीत रेघ. मार्कर गोठलेल्या प्लास्टिकवर उठत नाही, आधी कोरड्या फडक्याने दव पुसावं लागतं. मुलांना सुरुवातीला कटकट वाटली, आता अंगवळणी पडलं आहे.

दुसरी गोष्ट स्कूप बुडवायच्या पाण्याची. बाहेर गेलात तर ते भांडं बघा. पाणी दुधाळ दिसत असेल तर तिथे खाऊ नका. वाहत्या पाण्याची सोय नसेल तर पाणी सतत बदललं पाहिजे.

पण खरं सांगतो, उद्या बॅच परत मागवली तर मी गिऱ्हाइकाला कसं कळवू? यूपीआयवर नाव दिसतं, नंबर दिसत नाही.


वाशीकर, रविवार, रात्री ८.४५

ग्राहक तक्रारींत लोकांना मदत करतो, त्यातून कायदा थोडा वाचलेला आहे.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ यातलं कलम २८ पाहा. आपला माल नियमात बसत नाही असं मानायला उत्पादक किंवा वितरकाला कारण असेल, तर त्याने तो ताबडतोब बाजारातून आणि ग्राहकांकडून, कारण सांगून परत घ्यायचा आणि अधिकाऱ्यांना कळवायचं. ‘ग्राहकांकडून’ आणि ‘कारण सांगून’ या दोन्ही गोष्टी कायद्यातच आहेत. उणे अठरा म्हणतात ती ‘कारण न लिहिता होल्ड’ ही पद्धत वजन-छपाईसाठी चालेल, जंतूंसाठी नाही. आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्टच्या मानकांत २५ ग्रॅम नमुन्यात लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस आणि साल्मोनेला अजिबात नसले पाहिजेत असं आहे. तिथे ‘थोडे चालतील’ हा पर्यायच नाही.

पुढे २०१७ मध्ये परत मागवण्याच्या प्रक्रियेचे वेगळे नियम आले. उत्पादक, आयातदार आणि घाऊक विक्रेत्यांनी लेखी योजना तयार ठेवायची, वितरणाच्या नोंदी जपायच्या. किरकोळ दुकानदाराला अशी योजना ठेवायची सक्ती नाही, आणि साखळी तिथेच तुटते.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. दुकानदाराला माल देणाऱ्याने हमीपत्र द्यायचं असतं, फॉर्म ई. ते बिलावरच छापलं तरी चालतं, आणि त्यात बॅच किंवा कोड नंबरचा रकाना आहे. म्हणजे दुकानापर्यंत तरी बॅच कागदावर असायलाच हवी. आपल्या दुकानदाराला विचारा, डिस्ट्रिब्युटरच्या बिलावर तो रकाना भरलेला असतो का.

तक्रारीसाठी महाराष्ट्र एफडीएचा (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५, एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) १८००११२१००. तक्रार करताना पॅकवरचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि फोटो हवेत. उरलेलं आइस्क्रीम टाकून देऊ नका, पिशवीत बांधून फ्रीजरमध्येच ठेवा.

ॲपवाल्यांबद्दल: जून २०२५ मध्ये एफडीएने धारावीतल्या एका क्विक कॉमर्स गोदामाचा परवाना निलंबित केला होता. शीतगृहाचं तापमान नियमाप्रमाणे नव्हतं, पदार्थांवर बुरशी होती. म्हणजे तपासणी केली की सापडतं. ती व्हावी म्हणून तक्रारी नोंदवल्या गेल्या पाहिजेत, ग्रुपवर फॉरवर्ड करून भागत नाही.


जुना नौपाडकर, रविवार, रात्री ९.३०

सगळं सावकाश वाचलं. सूक्ष्मदर्शी बाईंनी फार नीट उलगडून सांगितलं, त्यांचे आभार.

पण आता माझा दुसरा प्रश्न. मेल, कार्ड, बिल, ॲप ही तुमच्या-माझ्यासारख्यांची सोय झाली. आमच्या घरी काम करणाऱ्या बाई किसननगरला राहतात. त्यांची मुलं दहा रुपयांचा कप हातगाडीवर घेतात आणि तिथेच उभ्याने खाऊन कप टाकतात. त्यांना कोण कळवणार? त्यांच्याही घरात गरोदर सून असेल. जी व्यवस्था फक्त मेल वाचणाऱ्याला सावध करते ती मला पुरेशी वाटत नाही.


चैत्रपालवी, रविवार, रात्री ९.५०

काका, हा या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रतिसाद आहे.


उणे अठरा, रविवार, रात्री १०.३०

काका, याचं उत्तर माझ्या मते गाडीवरच आहे. हातगाडीवाला रोज सकाळी आमच्यासारख्याच एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडून माल भरतो. त्याच्या गाडीवर चित्रांचं मोठं दरपत्रक असतं. परत मागवण्याचं कारण आम्हाला लेखी मिळालं, तर तोच कागद मराठी-हिंदीत, कपाच्या चित्रासकट त्या गाडीवर आणि किराणा दुकानाच्या फ्रीजरच्या काचेवर चिकटवता येईल. खर्च काहीच नाही. मेगाब्लॉकची सूचना स्टेशनवर लागते, तशी ही लागायला हवी. कंपनीने कारण दिलं पाहिजे, एवढंच अडलं आहे.

आता बॅच कुठे सापडते ते सांगून ठेवतो. कँडीच्या रॅपरवर ती वरच्या नाहीतर खालच्या दातेरी कडेवर ठोकलेली असते. आपण रॅपर तिथूनच फाडतो आणि तुकडा आधी कचऱ्यात जातो. कोनवर ती कागदी झाकणावर, कपाच्या बुडाला, फॅमिली पॅकच्या बाजूच्या घडीवर किंवा तळाला. तळाला बर्फ धरलेला असतो, नखाने खरवडलं तर शाई निघते. दोन मिनिटं बाहेर ठेवून बोटाने पुसा, मग फोटो काढा.


ऐरोली सेक्टर, सोमवार, सकाळी ७.५५

थोडं वेगळं विचारतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली होती, आठवत असेल. आमच्याकडे फ्रीजरमधलं सगळं वितळलं होतं, वीज आल्यावर पुन्हा गोठलं, आणि आम्ही खाल्लं. दुकानांतही तेच झालं असणार. अशा आइस्क्रीममध्ये हा जंतू तयार होतो का?


सूक्ष्मदर्शी, सोमवार, सकाळी ८.४०

तयार होत नाही, आधी असेल तर वाढतो. वितळणं आणि दूषित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत गल्लत झाली की चुकीचा दिलासा मिळतो. बॅच कारखान्यात बिघडली असेल तर आइस्क्रीम शेवटपर्यंत दगडासारखं कडक आणि चवीला उत्तम असू शकतं. वास येत नाही, रंग बदलत नाही. ‘चव चांगली होती’ हा पुरावा नाही.

वितळून पुन्हा गोठलेलं मात्र डोळ्यांना दिसतं. पॅक एका बाजूला बसलेला, झाकणाखाली मोठे बर्फाचे स्फटिक, कोन मऊ, कपातलं आइस्क्रीम कडेपासून सुटून आक्रसलेलं. असा पॅक घेऊच नका. घरी पूर्ण पातळ झालेलं पुन्हा गोठवू नका. मिल्कशेकचा जग करून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवणं हे तर या जंतूला आमंत्रण. करा, प्या, संपवा.

फ्रोझन डेझर्ट आणि आइस्क्रीम यांबद्दल कोणी विचारण्याआधी सांगते. पहिल्यात वनस्पती तेल, दुसऱ्यात दुधाची स्निग्धता, साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के. जंतूंच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. यंत्र तेच, ओली जमीन तीच.


चैत्रपालवी, मंगळवार, रात्री १०.१०

काल-आज थोडी विचारपूस केली, ती इथे मांडते.

किराणावाल्या काकांनी डिस्ट्रिब्युटरचं बिल दाखवलं. फॉर्म ईचा मजकूर खाली बारीक अक्षरांत छापलेला आहे. बॅचचा रकाना आहे आणि तो रिकामा आहे. काकांना तो कशासाठी असतो हेच कोणी सांगितलं नव्हतं. आता ते पुढच्या गाडीला विचारणार आहेत. ॲपच्या मदत केंद्रावर विचारलं, की माझ्या ऑर्डरमधल्या पॅकचा बॅच नंबर तुमच्याकडे नोंदलेला असतो का. तीनदा माफी मागितली, पैसे परत देऊ केले, पण उत्तर दिलं नाही. मला पैसे नको होते. तोच प्रश्न आता मेलवर विचारला आहे आणि वाशीकर म्हणाले तसा एफएसएसएआयच्या क्रमांकावरही नोंदवला आहे.

घरात जाऊबाईंसाठी सॉफ्टी आणि सुट्टं स्कूप बंद, कोन आणि कप चालू. पॅक उघडण्याआधी फोटो काढायचं काम मोठ्या मुलाकडे दिलं आहे. त्याला ते आवडलंय.

उणे अठरा, एक विनंती. फ्रीजरच्या काचेवर लावायच्या सूचनेचा मसुदा तुम्ही, सूक्ष्मदर्शी आणि पार्लरवाले दादा मिळून इथेच कराल का? कंपनीचं नाव, वस्तूचं चित्र, बॅच, कारण, खाल्लं असेल तर काय करायचं, पैसे कुठे मिळतील. नौपाडकर काकांनी भाषा तपासावी, म्हणजे किसननगरच्या त्या बाईंनाही वाचता येईल. मसुदा झाला की किराणावाल्या काकांकडे आणि आमच्या सोसायटीच्या फलकावर मी नेऊन लावते, आणि एफडीएच्या कार्यालयातही द्यायला जाते.


उणे अठरा, मंगळवार, रात्री १०.४५

करतो. बॅचचा रकाना आपल्या बिलांवर भरला जातो का ते उद्या सकाळी आमच्याच स्टोअरच्या बिलांपासून बघतो. मसुदा गुरुवारपर्यंत टाकतो. एका पानात बसवू, अक्षर मोठं ठेवू.


जुना नौपाडकर, मंगळवार, रात्री ११.००

मसुदा टाका, मी वाचतो. ‘लिस्टेरिया’ हा शब्द खाली बारीक अक्षरात घ्या. वर मोठ्या अक्षरात लिहा: ‘हा कप खाऊ नका. गरोदर असाल आणि ताप आला, तर आजच डॉक्टरांकडे जा.’